चार महिन्यांचं पाणी, आठ महिन्यांचा कातळ

मे महिन्याच्या दुपारी विसापूर किल्ल्याच्या माथ्यावर उभं राहिलं की कातळाची धग चपलेच्या तळातून वर येते. गवत गुरांनी खाल्लेलं असतं किंवा वणव्यात जळलेलं. सावलीला झाड नाही. जुन्या टाक्यांपैकी बऱ्याच टाक्यांचे तळ उघडे पडलेले. याच माथ्यावर जुलैत दहा पावलांपलीकडचं माणूस दिसत नाही, पायाखालून सगळीकडे पाणी वाहत असतं आणि वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. लोणावळ्याला वर्षाकाठी साधारण साडेचार हजार मिलिमीटर पाऊस होतो, पुण्याच्या सहापट. इतक्या पावसाच्या मुलखात वाळवंट असेल असं कोणाच्या मनात येत नाही. तरीही मावळातल्या डोंगरांचे सपाट माथे वर्षाचे आठ महिने वाळवंट असतात आणि उरलेले चार महिने दलदल.

लडाखमध्ये किंवा स्पितीत उंचावरचं वाळवंट आहे, कारण तिथवर पाऊसच पोचत नाही. ढग हिमालयाच्या अलीकडे रिकामे होतात. मावळात पाऊस भरभरून पडतो, पण त्याला धरून ठेवणारी माती माथ्यावर नाही. कुठे बोटभर थर, कुठे वीतभर, बहुतेक ठिकाणी तेवढाही नाही. पडलेलं बहुतेक पाणी काही तासांत कड्यावरून खाली उतरतं. ऑक्टोबरात पाऊस थांबला की थोड्याच आठवड्यांत माथा कोरडाठाक होतो. झाडाच्या लेखी आभाळातून किती पाणी पडलं याला फारशी किंमत नसते. मुळाशी ते किती दिवस टिकलं, याला असते. त्या हिशेबाने लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग, कोरीगड यांचे माथे आणि आंदर मावळापासून पवन मावळापर्यंत पसरलेली कातळपठारं ही कोरड्या मुलखातच मोडतात. कोकणात आणि साताऱ्याकडे अशा जागेला सडा म्हणतात. इथे जे जगतं ते पूर आणि अवर्षण दोन्ही एकाच वर्षात सोसून जगतं. म्हणूनच यातलं बरंचसं खालच्या सुपीक जमिनीत सापडत नाही.

हे माथे असे सपाट का, याचं उत्तर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं मागे नेतं. तेव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला, शेकडो वेळा आला, आणि दर वेळी आडवा पसरून थिजला. आज उरलेलं त्याचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यावरच वसला आहे. थरावर थर चढत गेले, भाकऱ्यांची चवड रचावी तसे. भूशास्त्रज्ञांनी या थरांची वर्गवारी केली तेव्हा एका उपगटाला लोणावळ्याचं नाव दिलं आणि त्यातल्या एका थरसमूहाला खंडाळ्याचं, कारण बोरघाटात डोंगर कापल्यामुळे हे थर इतके स्वच्छ वाचता येतात. दोन उद्रेकांच्या मध्ये शेकडो-हजारो वर्षं शांततेची गेली की आधीच्या थराचा पृष्ठभाग कुजून लाल माती व्हायची. मग पुढचा लाव्हा तिच्यावरून वाहायचा आणि ती भाजून निघायची. घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीत काळ्या दगडामध्ये विटकरी रंगाचा आडवा पट्टा दिसतो, तो हाच. गाडीच्या खिडकीतून तो दिसतो आणि निघून जातो. पण ती एका जुन्या जमिनीची कापलेली कड आहे.

सगळे थर सारखे कठीण नाहीत. काही घट्ट, एकसंध. त्यांना उभ्या भेगा पडतात आणि ते सरळ तुटतात. काही सच्छिद्र, वायूच्या बुडबुड्यांनी भरलेले. त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून आलेली खनिजं साचली. स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट, गारेचे प्रकार. हे सच्छिद्र थर लवकर झिजतात. घट्ट थराचा कडा होतो, सच्छिद्र थराचा उतार किंवा माची होते, त्याच्यावर पुन्हा कडा, आणि सगळ्यात वर जो घट्ट थर उरतो तो पठार. दुरून पाहिलं तर सह्याद्रीचा कुठलाही डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेला दिसतो, त्याचं कारण एवढंच. किल्ले बांधणाऱ्यांनी भूशास्त्राची पोथी वाचली नव्हती, पण हा स्वभाव त्यांना पाठ होता. तटाचं निम्मं काम कड्याने केलं, वस्ती माचीवर ठेवली, आणि पाणी दोन थरांच्या सांध्यावर शोधलं, कारण वरच्या भेगाळ खडकातून झिरपलेलं पाणी खालच्या लाल मातीच्या थरापाशी अडतं आणि आडवं बाहेर येतं. लोहगडाचा विंचूकाटा म्हणजे दोन्ही बाजूंनी झीज होऊन उरलेली पठाराची एक लांबट, अरुंद सोंड आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत लोहगड आहे. त्या यादीतल्या भूप्रदेश या शब्दात हा कातळही येतो, असं मी मानतो.

किल्ल्यांच्याही आधी कार्ले, भाजे आणि बेडशाच्या कारागिरांनी हा दगड ओळखला होता. भाजे इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. कार्ल्याचं चैत्यगृह भारतातलं सर्वांत मोठं. एवढी उंच कमान कोसळू न देता कोरायची तर एकाच जाड, घट्ट थरात काम बसवावं लागतं, आणि ते त्यांनी बसवलं. लेण्यांशेजारच्या पाण्याच्या पोढीही झिरप ओळखूनच खोदल्या आहेत.

पठाराची पश्चिम कड हा वेगळा विषय आहे. नागफणीच्या टोकावरून खाली पाहिलं तर पाचशे मीटरहून अधिक खोल कोकण दिसतं. भारताचा पश्चिम किनारा सेशेल्सपासून तुटून वेगळा झाल्यानंतर पश्चिमेकडच्या छोट्या, उतावळ्या नद्यांनी ही कड कोरत कोरत पूर्वेला मागे ढकलली, आणि ते काम अजून चालू आहे. पुरावा कुरवंड्याला मिळतो. इंद्रायणी तिथे उगमाशीच एवढ्या रुंद, उथळ दरीतून निघते की ओढ्याच्या पाण्याला ती दरी मोठी वाटावी. पलीकडे पाहावं तर दरी एकदम कड्याशी संपते. या दरीचा वरचा भाग कधीकाळी पश्चिमेला होता. कड्याने तो खाल्ला. बोरघाटाच्या माथ्यावर पडलेला पाऊस म्हणून दोन समुद्रांत वाटला जातो. एका बाजूचं पाणी उल्हास आणि अंबा नद्यांतून अरबी समुद्रात जातं. दुसऱ्या बाजूचं इंद्रायणीतून देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेत मिळतं, भीमेतून कृष्णेत, आणि देशाची रुंदी ओलांडून बंगालच्या उपसागरात. माणसानेही या वाटणीत हात घातला. वळवण, लोणावळा आणि शिरोट्याच्या तलावांत अडवलेलं पूर्ववाहिनी पाणी नळांतून कड्याखाली सोडून टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. आंदर मावळातल्या ठोकरवाडीचं पाणी १९२२ पासून भिवपुरीला उतरतं. वर्षानुवर्षं कड्याने जे काम सावकाश केलं, ते इथे नळांनी एका पिढीत केलं.

या उतारांचा धोकाही त्याच रचनेतून येतो. कड्याच्या पायथ्याशी साठलेला मुरूम-मातीचा ढिगारा पावसात जड होतो, आणि खालून आधार कापला गेला तर सरकतो. ३० जुलै २०१४ रोजी जवळच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव असंच गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. माचीवर रस्ता किंवा बंगल्यासाठी उभा खोदकाप घेताना ही तारीख डोळ्यांसमोर असायला हवी.

आता पुन्हा माथ्यावर. लांबून एकसुरी वाटणारं पठार जवळून पाहिलं तर त्यात अनेक वेगळी घरं आहेत. उघडा कातळ आहे. त्याच्यावर करडे, पांढुरके, पिवळसर डाग दिसतात ती दगडफुलं, आणि उन्हाळ्यात काळं पडलेलं आवरण म्हणजे नील-हरित शैवाल. हवेतला नत्र धरून या कातळाला पहिलं खत तेच देतं. कातळाला भेगा आहेत. तिथे माती आणि ओल जरा जास्त टिकते, म्हणून झुडपं रांगेत उगवतात आणि भेगेची दिशा दाखवतात. पसरट खोलगट भागात बोटभर मातीची चादर आहे. खळगे आहेत, काही ताटाएवढे, काही हौदाएवढे. सुटे दगड आहेत, त्यांच्याखाली वेगळंच जग. आणि कडेला कातळातून पाझरणाऱ्या ओल्या भिंती. या घरांमधलं अंतर कधी कधी एका पावलाचं असतं, पण एकातली वनस्पती दुसऱ्यात सहसा जात नाही.

पहिला वळीव झाला की जमिनीखाली कंद म्हणून उन्हाळा काढलेल्या वनस्पती वर येतात. फोडशी येते, तिची भाजी मावळातल्या घरांत पहिल्या पावसाची म्हणून केली जाते. आषाढ आमरी नावाची पांढरी ऑर्किड आपल्या एकाच पानाला जमिनीशी चिकटवून फुलते. जुलैभर पठार हिरवं असतं पण फुलं कमी, कारण कीटक उडू शकत नाहीत एवढा पाऊस आणि वारा. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की खरा हंगाम लागतो. पाणथळ जागी गेंदाची पांढरी बोंडकी हजारोंनी उभी राहतात, त्यांच्यामध्ये सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. गौरी येतात तेव्हा उतारांवर तेरडा असतो, मग पिवळा कवला, मग सोनकी. ऑक्टोबरात गवत तुरे काढतं आणि वाळू लागतं. उगवणं, फुलणं, फळणं, बी टाकणं, सगळं तीन-साडेतीन महिन्यांत उरकायचं असतं. इथली बहुतेक वर्षायू रोपं वीतभरही वाढत नाहीत; वाढण्यात वेळ घालवला तर बी पिकायच्या आत पाणी संपेल.

पाणी असतानाही इथे उपासमार असते. चार महिने धो धो वाहणारं पाणी मातीतले क्षार धुऊन नेतं, नत्र तर आधीच थोडका. सीतेच्या आसवांनी यावर जो उपाय काढला तो मला या पठारावरचा सर्वांत थक्क करणारा वाटतो. नाजूक फुलाखाली, ओल्या मातीत, या वनस्पतीच्या धाग्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पिशवीतलं पाणी ती सतत बाहेर ढकलते, त्यामुळे आत दाब कमी राहतो. एखादा सूक्ष्म जीव दारापाशी आला की दार आत उघडतं, पाणी त्या जीवासकट आत खेचलं जातं आणि दार बंद होतं. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास घडतं. वनस्पतींच्या जगात याहून झपाट्याच्या हालचाली फार थोड्या आहेत. शेजारीच दवबिंदू उभी असते. तिच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो, डास-चिलट त्याला चिकटतं आणि पान हळूहळू त्याला पचवतं. दोघींनाही मांसाहार करावा लागतो तो नत्रासाठी. अन्न त्या इतर झाडांसारखं उन्हातूनच बनवतात.

मग कोरडे महिने येतात. कंद जमिनीखाली जाऊन झोपतात, वर्षायू रोपं बी मागे ठेवून मरतात. तिसरा मार्ग थोड्यांनाच जमला आहे: वाळायचं, पण मरायचं नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या अशा वनस्पतींचा शोध घेतला आणि २०२४ मध्ये ६२ प्रजातींची यादी प्रसिद्ध केली. त्यांतल्या बऱ्याच कातळपठारांवरच्या आहेत आणि काही फक्त पश्चिम घाटातच सापडतात. त्यांत ट्रायपोगॉन या बारीक गवताच्या प्रजाती सर्वांत जास्त. ते गवत एरवी कोणाच्या नजरेत भरत नाही. या वनस्पती अंगातलं ९५ टक्क्यांपर्यंत पाणी गमावू शकतात. गुंडाळलेलं, करडं पान महिनोन्‌महिने तसंच राहतं. पेशींमधली यंत्रणा तुटू न देता ती विशिष्ट शर्करा आणि प्रथिनांच्या आधाराने जपून ठेवलेली असते. पाऊस पडला की ते पान पुन्हा हिरवं होतं. नवं पान फुटायची वाट पाहावी लागत नाही, म्हणून पावसाचा पहिला दिवसही त्यांना वापरता येतो. भात, गहू, ज्वारी या सगळ्या गवताच्याच जाती. त्यांना अवर्षण कसं सोसायला लावायचं हा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांच्यासाठी या माथ्यांवरचं हे गवत मोलाचं आहे.

काहींनी तर उन्हाळाच फुलायला निवडला. युफोर्बिया खंडालेन्सिस ही शेराच्या कुळातली छोटी वनस्पती. ब्लॅटर आणि हॉलबर्ग या अभ्यासकांनी तिचं वर्णन केलं आणि खंडाळ्याचं नाव तिला कायमचं मिळालं. वर्षाचा बराच काळ ती जमिनीखालच्या जाड मुळात दडलेली असते. गवत वाळून किंवा जळून मोकळं झालं की तप्त मातीतून तिची फुलं वर येतात, पानांच्या आधी. त्या काळात परागीभवनासाठी स्पर्धा नाही आणि गवताची सावलीही नाही.

मावळाच्या उत्तरेला जुन्नरच्या कड्यांवर अशीच एक नवलाची वनस्पती आहे, शिंदळ माकुडी. मांसल खोड, मांसल पानं, तपकिरी-लाल चांदणीसारखं फूल. एकोणिसाव्या शतकात डाल्झेलने तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव पडलं. तिच्या गोतावळ्यातल्या बहुतेक वनस्पती निष्पर्ण, निवडुंगासारख्या दिसणाऱ्या, आफ्रिका-अरबस्तानच्या रुक्ष मुलखात राहणाऱ्या. नीट पानं धरणारी ही जवळपास एकटीच, आणि ती महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांखेरीज जगात कुठेही रानात उगवत नाही. जिथे गुरांचं तोंड पोचत नाही आणि वणव्याची धग लागत नाही, तिथेच ती टिकली आहे.

आफ्रिकेशी असं नातं मावळातही सापडलं, अगदी अलीकडे. लोणावळ्याहून पुण्याकडे तीस-पस्तीस किलोमीटर आलं की तळेगाव दाभाडे. पाऊस झपाट्याने कमी होतो, डोंगर बुटके होतात आणि झाडीच्या जागी गवताळ माळ येतात. या माळांवरून आघारकर संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही प्रजाती जगासमोर आणली. ती वर्षातून दोनदा फुलते. एकदा पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, आणि दुसऱ्यांदा मे-जूनमध्ये, माळावरून वणवा गेल्यानंतर. आगीत वरचा भाग जळतो, जमिनीतलं काष्ठमय खोड शिल्लक राहतं आणि त्यातून बुटके, फुलांनी भरलेले फुटवे येतात. तिच्या फुलोऱ्याची ठेवण भारतातल्या तिच्या इतर भावंडांत नाही. तशी ठेवण असलेली जवळची प्रजाती आफ्रिकेत आहे. मुंबई-पुणे महामार्गाच्या आणि लोकलच्या इतक्या जवळ एक अख्खी प्रजाती नावाशिवाय उभी होती, हे मला रोमांचक वाटतं आणि काळजीचंही, कारण तळेगावच्या आसपासच्या माळांवर रोज नवे भूखंड आखले जात आहेत.

वणव्याबद्दल सरळ हो किंवा नाही असं उत्तर नाही. पूर्वेच्या खोल मातीच्या गवताळ माळाला अधूनमधून आग सोसते. तिथल्या काही वनस्पती तिच्यावर विसंबूनही असतात. पण दरसाल, वाटेल तेव्हा लावलेली आग कारवीच्या उतारावर किंवा देवराईच्या कडेला गेली तर तिथली रोपं संपतात आणि बोटभर माती पुढच्या पावसात वाहून जाते.

पठारावरचे खळगे हे प्राण्यांचं सर्वांत अल्पायुषी घर. जूनमध्ये भरले की काही दिवसांत त्यात बोटाच्या पेराएवढे पारदर्शक जीव उलटे, पाठीवर पोहताना दिसतात. ही कोळंबीच्या दूरच्या नात्यातली परी-कोळंबी. तिच्या एका प्रजातीच्या नावात सह्याद्री आहे. खळग्यात मासे नाहीत, म्हणून तिला शत्रू कमी. पण खळगा आटायच्या आत मोठं होऊन अंडी घालायला हवीत. ती अंडी तळाच्या वाळलेल्या चिखलात, कातळाच्या त्या धगीत, वर्ष-वर्ष तग धरतात. पहिल्या पावसात सगळी उबत नाहीत. काही राखून ठेवलेली असतात. वळीव येऊन नंतर पंधरा दिवस पावसाने दडी मारली तरी वंश बुडत नाही. जमिनीत पुरून घेणारे बेडूकही याच सुमारास बाहेर पडतात आणि दोन-तीन रात्रींत ओरडण्यापासून अंडी घालण्यापर्यंत सगळं उरकतात.

सुट्या दगडांखाली दिवसाची धग पोचत नाही आणि ओल थोडी जास्त टिकते. पाली, विंचू, गोमी, फुरसं, सगळे तिथे. फोटोसाठी दगड उलटवणाऱ्याला फुरसं चावलं तर त्याचं नशीब. पण दगडांचे मनोरे रचणारे पर्यटक दर दगडागणिक एक घर मोडतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. टिटवी आणि रातवा तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीची अंडी खड्यांत खडा दिसावीत अशी, आणि ऊन चढलं की पक्षी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो. मलबारी चंडोल गवताच्या ठोंबाखाली घरटं करतो आणि पठारावर उभं राहून ऐकलं तर त्याचं गाणं वरून, आभाळातून येतं.

कडे पाखरांचे. शाहीन ससाणा कपारीत घरटं करतो आणि कड्यासमोरच्या मोकळ्या हवेत कबुतरं, पाकोळ्या मारतो. हिवाळ्यात निळा कस्तूर हिमालयाकडून येऊन तटाच्या दगडांवर बसतो. ओढ्याच्या घळीत शीळ घालणारा पर्वतकस्तूर आहेच. सह्याद्रीच्या कड्यांवरची लांब चोचीची गिधाडं मात्र गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात देशभर कोसळली, नव्वद टक्क्यांहून अधिक गेली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने मेलेल्या जनावराचं मांस त्यांच्यासाठी विष झालं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर बहुतेक कडे ओस पडले होते.

माथ्याखालच्या उतारावरचं रान हे पठाराला जोडूनच पाहायला हवं. सात-आठ वर्षांनी एकदाच, सगळी मिळून फुलणारी कारवी. राजमाचीच्या रानात जूनच्या तोंडावर झाडंच्या झाडं लुकलुकवणारे काजवे. ढाकच्या बहिरीसारख्या देवस्थानांच्या देवराया. भेकर, साळिंदर, बिबट्या. उत्तरेला भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ पासून शेकरूसाठी राखलेलं आहे. बिबट्या रात्री पठार ओलांडतो, ससे आणि भेकरं पावसाळ्यात वर चरायला येतात, आणि पठारावर झिरपलेलं पाणी याच रानाच्या झऱ्यांना मार्चपर्यंत जिवंत ठेवतं. त्या झऱ्यांवरच खाचरं आहेत. वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेलं इंद्रायणी वाण आज मावळाची ओळख झालं आहे.

या माथ्यांना संरक्षण का मिळत नाही, तर ते कोणाच्याच हिशेबात जंगल नाहीत. सातबाऱ्यावर अशी जागा पोटखराब म्हणून लागते. शेतकऱ्याला तिथून पीक नाही, वनखात्याच्या जुन्या नजरेला तिथे लाकूड नाही, म्हणून ती रिकामी. रिकामी म्हणून तिच्यावर खडी-मुरूम काढायला हरकत नाही, हेलिपॅड आणि हॉटेल बांधायला हरकत नाही, गाड्या फिरवायला हरकत नाही. आणि सर्वांत दुःखाची गोष्ट, चांगल्या मनाने वृक्षारोपण करायलाही हरकत नाही. दर जुलैत संस्था, कंपन्या, शाळा ट्रक भरून रोपं आणतात. कातळात खड्डा फोडला जातो, बाहेरून आणलेली माती भरली जाते, रोप लावून फोटो काढला जातो. रोप बहुतेक वेळा पहिला उन्हाळा काढत नाही. पण माती मागे राहते, आणि तिच्याबरोबर आलेलं घाणेरी, रानमोडी आणि कॉसमॉसचं बीही. शेजारच्या बोटभर मातीतल्या गेंद-आसवांना त्या सकस मातीची सवय नसते. अशा जागी जोमाने वाढणारं तणच जिंकतं. जगभरच्या उघड्या खडकांवर हेच घडलेलं आहे, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅनाइट टेकड्यांपासून आफ्रिकेतल्या एकांड्या डोंगरांपर्यंत.

झाडं लावायला मावळात जागा भरपूर आहे. उघड्या पडलेल्या देवरायांच्या कडा आहेत, घसरणारे माचीचे उतार आहेत, इंद्रायणी आणि पवनेचे बोडके काठ आहेत. तिथे जांभूळ, उंबर, करंज, वाळुंज लावले तर ते जगतील आणि मातीही धरतील. माथ्यावर फक्त तीन गोष्टी हव्यात: पायवाट एकच आणि आखलेली, वाहनं पायथ्याशी, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी माणसांची संख्या मर्यादित. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात रोजची संख्या ठरवून ऑनलाइन नोंदणीने लोकांना सोडलं जातं, आणि ते काम आसपासच्या गावांच्या समित्या करतात. लोहगडवाडी, भाजे, राजमाची या गावांना ते जमणार नाही असं काही नाही. पावसाळ्यात वाटाड्याचं, जेवणाचं आणि मुक्कामाचं काम तिथली घरं आजही करतातच.